मुलाखतीचे बोलावणे आणि नेमणुकीचे पत्र



पिढ्यान्‌पिढ्या वाकविली गेलेली मान ताठ ठेवावयाची, हा निश्चय आपण धम्मदीक्षेच्या दिवशी केला. त्या निश्चयाची कसोटी विहारात लागत नाही. तेथे सर्व आपलेच असतात. ती लागते कचेरीत, बाजारात, भाड्याची खोली शोधताना आणि नोकरीच्या मुलाखतीत. यांपैकी एकाच ठिकाणाचा विचार आज आपणापुढे मांडावयाचा आहे. महाविद्यालयातील किंवा विद्यापीठातील अध्यापकाच्या जागेसाठी आपल्या मुलाला अथवा मुलीला बोलावणे येते, पुढे कदाचित नेमणुकीचे पत्रही येते, त्या वेळी त्या मुलाने आणि त्याच्या घराने कसे वागावे, हा तो प्रश्न होय. प्रश्न थोड्या घरांचा वाटतो. परंतु ज्या घरात आजा निरक्षर होता आणि नातू डॉक्टरेट मिळवितो आहे, अशी घरे आता आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. त्या घरांना या बाबतीत सल्ला देणारे वडीलधारे मात्र बहुधा नाहीत.

न्हावा-शेव्याकडे पाहा. १९८९ साली येथील बंदर सुरू झाले. त्यापूर्वी १९८४ च्या जानेवारीत जासई व दास्तान फाटा येथे जमिनीच्या दरासाठी लढणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला व पाच जण हुतात्मे झाले. श्री. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या त्या लढ्यातून विकसित जमिनीचे साडेबारा टक्के परत मिळण्याचे तत्त्व पुढे आले. तो न्याय्य लढा होता व त्याविषयी आपल्याला आदरच आहे. परंतु ज्याच्या नावे सातबाराच नव्हता, जो दुसऱ्याच्या शेतावर वा मिठागरावर राबत होता, त्याचे काय? शून्याचे साडेबारा टक्के काढले तरी शून्यच उरते. अशा घरांनी कंटेनरच्या गोदामांत, कंत्राटदाराच्या हाताखाली हमाली करून मुले शिकविली. कोणी फुंड्याच्या वीर वाजेकर महाविद्यालयात पदवी घेतली, कोणी कलिन्याला जाऊन एम. ए. झाले, कोणी नेट अथवा सेट उत्तीर्ण झाले. १२ जानेवारी २०२४ रोजी उरणपर्यंत रेल्वे आली, न्हावा-शेवा नावाचे स्थानक झाले, त्याच दिवशी शिवडीचा सागरी सेतू खुला झाला. अंतर कमी झाले. परंतु स्थानकापासून निवड-समितीच्या टेबलापर्यंतचे अंतर कोणत्याही सेतूने कमी होत नाही. ते आपल्यालाच कापावयाचे आहे.

जमीनदाराच्या घरात भूखंड हे भांडवल असते. आपल्या घरात पदवी हेच भांडवल. म्हणून ते कोठे, कोणत्या अटीवर आणि कोणाच्या हाती द्यावयाचे याचा विचार भूखंड विकणाऱ्याइतक्याच सावधपणे झाला पाहिजे.

बाबासाहेबांच्या दोन नोकऱ्या

या बाबतीत परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चरित्रातील दोन नोकऱ्या शेजारी ठेवून पाहाव्यात. पहिली बडोद्याची. १९१३ साली शिष्यवृत्ती घेताना त्यांनी बडोदे संस्थानाशी दहा वर्षांच्या सेवेचा करार केला होता. त्या कराराप्रमाणे १९१७ साली ते बडोद्यास रुजू झाले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या या तरुणाच्या टेबलावर शिपाई दुरून कागद टाकीत. कचेरीत त्यांना पाणी मिळेना. शहरात राहावयास घर मिळेना. पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. त्यांनी बडोदे सोडले.

दुसरी नोकरी मुंबईच्या सिडनेहॅम महाविद्यालयातील. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते तेथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. जागा तात्पुरती होती, वेतन दरमहा ४५० रुपये. तेथेही काही सहकाऱ्यांनी प्राध्यापकांच्या खोलीतील माठाचे पाणी त्यांनी पिण्यास हरकत घेतली. परंतु बाबासाहेबांनी ही नोकरी एका निश्चित हेतूने घेतली होती. लंडनचा अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठी पैसा साठवावयाचा, हा तो हेतू. काटकसरीने बचत केली, मार्च १९२० मध्ये जागा सोडली आणि शाहू महाराजांचे साहाय्य व मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज जोडून त्याच वर्षी ते लंडनला गेले.

या दोन प्रसंगांतून आपण काय घ्यावे? नेमणुकीच्या पत्रावर वेतन लिहिलेले असते, माठाचे पाणी लिहिलेले नसते. ते मुलाखतीच्या दिवशी, डोळे उघडे ठेवून आपणच पाहून यावे लागते. आणि नोकरी स्वीकारताना ‘ही मला कोठे नेणार?’ हा प्रश्न ज्याने स्वतःला विचारला आहे, त्याला तात्पुरती जागाही पुढची पायरी होते. ज्याने तो विचारला नाही, त्याला कायमची जागाही खोडा होऊन बसते.

दाखल्यावरील जुनी जात

धम्म स्वीकारलेल्या घराला पहिला अडथळा येतो तो अर्जाच्या रकान्यातच. आम्ही जात टाकली, मग ती पुन्हा कागदावर का लिहावी, असे अनेक तरुण विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहे व त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये अनुसूचित जातींचे हक्क प्रारंभी हिंदूंपुरते होते. १९५६ साली शीख त्यात आले. बौद्ध आले ते १९९० साली. म्हणजे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास दीक्षा घेतलेल्या पिढीने केंद्र सरकारच्या सेवेतील आपला हक्क तेहतीस वर्षांहून अधिक काळ गमावला आणि तरीही धम्म सोडला नाही. एवढी किंमत मोजून पुढे जो हक्क मिळाला, तो रकाना रिकामा ठेवून टाकून देणे म्हणजे त्या पिढीच्या त्यागाचाच अनादर होय. दाखल्यावरील जुन्या जातीचे नाव हे आपल्यावर झालेल्या अन्यायाची सरकारी नोंद आहे. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने पुरावा सादर करावयाचा नाही, तर कोणी करावयाचा? रोगी बरा होत असला तरी जुन्या दुखण्याचे कागद तो वैद्यापुढे ठेवतोच. त्यामुळे तो पुन्हा रोगी होत नाही.

व्यवहाराच्या दृष्टीने एवढे करावे. केंद्रीय विद्यापीठे व संस्था यांच्यासाठी दाखल्यावर पूर्वीच्या अनुसूचित जातीचे नाव व धर्म बौद्ध, अशी स्पष्ट नोंद असावी. नुसत्या ‘नवबौद्ध’ या शब्दावर तेथे हरकत निघते. राज्यातील नेमणुकीसाठी जातवैधता प्रमाणपत्र लागते. ते जाहिरात आल्यावर मागावयास जाऊ नये, पदव्युत्तर शिक्षण चालू असतानाच काढून ठेवावे. वडिलांचा व आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला ट्रंकेत जपून ठेवा. ज्या घराने तो हरवला त्या घराची कचेऱ्यांतून किती वणवण होते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

आणखी एक गोष्ट. आपला उमेदवार पात्र असेल तर त्याने खुल्या जागेसाठीही अर्ज करावा. सवलत न घेता गुणवत्तेवर निवडलेला मागासवर्गीय उमेदवार खुल्या जागेत मोजला जातो व राखीव जागा दुसऱ्या भावंडाला उरते. राखीव म्हणजे आपल्यासाठी आखलेली शेवटची रेषा, हा समज विरोधकांचा आहे. तो आपण आपल्या डोक्यात घेऊ नये.

जागा कशी मोजतात ते जाणा

मुलाखतीस जाणाऱ्याने बिंदुनामावली म्हणजे काय हे जाणले पाहिजे. एप्रिल २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने, आरक्षणाची मोजणी संपूर्ण विद्यापीठ हे एकक धरून न करता प्रत्येक विभाग निराळा धरून करावी, असा निर्णय दिला. ५ मार्च २०१८ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने तसा आदेश काढला. वरवर पाहता ही निव्वळ हिशेबाची बाब. परंतु त्या हिशेबात अनुसूचित जातीचा पहिला क्रमांक सातव्या जागेस लागतो. ज्या विभागात सहाच अध्यापक आहेत तेथे आपला क्रमांक कधीच येणार नाही. कायदा शिल्लक, टक्केवारी शिल्लक, फक्त जागा नाहीशी! सर्वोच्च न्यायालयाने २२ जानेवारी २०१९ रोजी हाच निर्णय कायम ठेवला. देशभर अध्यापक व विद्यार्थी रस्त्यावर आले, ७ मार्च २०१९ रोजी अध्यादेश निघाला व जुलै २०१९ मध्ये त्याचा कायदा झाला. त्या कायद्याने केंद्रीय संस्थांत पुन्हा संपूर्ण संस्था हेच एकक ठरले. काही संशोधन-संस्था व अल्पसंख्याक संस्था मात्र त्यातून वगळलेल्या आहेत.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, जी जागा आपल्यापुढे येते ती कोणाची मेहेरबानी नसून संघटित प्रयत्नाने परत मिळविलेली आहे. मुलाखतीच्या खोलीत पाऊल टाकताना ही जाणीव मनात असली म्हणजे आवाज आपोआप स्थिर राहतो.

मुलाखतीपूर्वी आणि मुलाखतीत

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी पदवी, संशोधन व प्रकाशने यांचे गुण फक्त मुलाखतीसाठी निवड करण्यापुरते ठेवले आणि अंतिम निवड मुलाखतीतील कामगिरीवर सोपविली. अशा पद्धतीत अर्धा तास हा आयुष्याच्या तपश्चर्येपेक्षा जड होतो. ही पद्धत आम्हाला मान्य नाही. कारण ज्याचा मामा समितीत बसतो त्याला ती सोयीची आणि ज्याचा मामा बंदरावर हमाली करतो त्याला ती घातक. तिच्याविरुद्ध संघटितपणे बोललेच पाहिजे. परंतु ती बदलेपर्यंत आपल्या मुलांनी तिच्यासाठी तयारी करू नये, असे कोणता शहाणा म्हणेल?

त्याच विनियमांत एक संरक्षणही आहे. उमेदवारांत अनुसूचित जाती, जमाती, इतर मागास, अल्पसंख्याक, महिला वा दिव्यांग असतील आणि समितीच्या इतर सदस्यांत त्या वर्गाचा कोणी नसेल, तर त्या वर्गाचा एक विद्वान कुलगुरूंनी समितीवर नेमावा, असे त्यात म्हटले आहे. असा सदस्य होता की नाही, हे उमेदवाराने लक्षात ठेवावे. पुढे दाद मागण्याची वेळ आली तर ही नोंद उपयोगी पडते.

तयारी कशी करावी? मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला विषय येत नाही असे क्वचितच असते. त्याला अनोळखी, प्रतिष्ठित माणसांसमोर इंग्रजीत सलग बोलण्याचा सराव नसतो. तो सराव विहारात करता येईल. रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास त्या मुलाने आपला संशोधनाचा विषय उभे राहून सांगावा, एकदा मराठीत व एकदा इंग्रजीत. आपल्यातील शिक्षक, वकील, बँकेतील नोकरदार यांनी प्रश्न विचारावेत. आईबापांनी ऐकावे. ज्याला आपले काम आपल्या आईला समजावून सांगता येते, त्याला ते समितीलाही समजावून सांगता येते. तंत्रविज्ञान संस्था व विज्ञान-संशोधनाच्या मोठ्या संस्था यांत मुलाखतीच्या जोडीला व्याख्यान द्यावे लागते, पुढील संशोधनाचा व अध्यापनाचा आराखडा मागितला जातो. तो आधी कागदावर उतरविलेला असावा.

त्या दिवशी लवकर पोहोचा. ग्रंथालय पाहा. शिपायाशी, कारकुनाशी, विद्यार्थ्यांशी अदबीने बोला व ऐका. विभागात किती अध्यापक कायम आहेत, किती तात्पुरते, आपल्या समाजाचे कोणी आहे काय, असल्यास त्याला कोणते विषय शिकवावयास देतात, हे सारे दोन तासांत कळते. संस्था आपली परीक्षा घेत असते, तशी आपणही तिची घ्यावी. कोणतीही गोष्ट थोर माणसे सांगतात म्हणून न स्वीकारता पारखून घ्यावी, ही तथागतांची शिकवण नोकरीलाही लागू आहे.

मुलाखतीत कधी कधी विषय सोडून आडनावाची, गावाची, ‘बौद्ध म्हणजे पूर्वीचे कोण?’ याची विचारपूस होते. येथे दोन चुका घडतात. एक म्हणजे ओशाळून पडेल आवाजात उत्तर देणे. दुसरी म्हणजे संतापून भांडण करणे. तिसरा मार्ग सम्यक वाणीचा आहे. ‘मी बौद्ध आहे. आवश्यक तो दाखला अर्जास जोडला आहे. माझ्या विषयावर आपण जे विचाराल त्याचे उत्तर देण्यास मी तयार आहे,’ एवढे शांतपणे म्हणावे व थांबावे. घरी आल्यावर प्रश्न, वेळ व उपस्थित सदस्य यांची लेखी नोंद त्याच रात्री करावी. आडनाव लपविणे, खोटे गाव सांगणे, किंवा न लिहिलेला लेख आपला म्हणून दाखविणे हे आपल्या प्रतिज्ञांत बसत नाही, आणि शेवटी पचतही नाही.

परदेशातील बोलावणे

आपली काही मुले आता अमेरिकेत व इंग्लंडात शिकतात. अमेरिकेत अध्यापकाच्या जागेसाठी उमेदवाराला एकदोन दिवस विद्यापीठात ठेवून घेतात. व्याख्यान, अधिष्ठात्यांची भेट, विद्यार्थ्यांशी बोलणे आणि सहकाऱ्यांबरोबर जेवण, हे सारे निवडीचाच भाग असते. जेवणाचे टेबलही परीक्षेचेच टेबल आहे, हे आपल्या मुलांना आधी कोणी सांगत नाही. त्या टेबलावर एखादा आपल्याच देशाचा सद्‌गृहस्थ गोड शब्दांत जात विचारून जातो. सात समुद्र ओलांडले तरी ही विचारपूस सामानाबरोबर जाते. परंतु तिथेही आपले लोक स्वस्थ बसलेले नाहीत. डिसेंबर २०१९ मध्ये ब्रँडाइस विद्यापीठाने, जानेवारी २०२२ मध्ये कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाने आपल्या भेदभावविरोधी नियमांत जातीचा समावेश केला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने तसा कायदा केला. कॅलिफोर्निया राज्याचे तशाच आशयाचे विधेयक मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये तेथील राज्यपालांनी नाकारले. म्हणून जाण्यापूर्वी त्या विद्यापीठाच्या नियमांत जात हा शब्द आहे की नाही ते पाहून घ्यावे.

तेथील रीत अशी की, नेमणूक बहुधा आधी दूरध्वनीवर कळवितात. आनंदाच्या भरात त्याच क्षणी होकार देऊ नये. आभार मानावेत, लेखी पत्र मागावे, विचारास मुदत मागावी. वेतन, प्रयोगशाळेचा वा पुस्तकांचा खर्च, पहिल्या वर्षी शिकविण्याचा भार, घर हलविण्याचा खर्च यांविषयी बोलणे तेथे उद्धटपणा मानला जात नाही. न बोलणाऱ्याला कमी मिळते. ‘आपल्याला बोलाविले हेच पुष्कळ’ ही भावना आपल्या मनात खोल रुजलेली आहे. ती नम्रता नव्हे, ती जुन्या बेडीची खूण आहे.

नेमणुकीचे पत्र हाती आल्यावर

आपल्या देशात वेतनश्रेणी ठरलेली असते. सहायक प्राध्यापकाचे सातव्या आयोगाप्रमाणे प्रारंभिक मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे. त्यात घासाघीस होत नाही. परंतु विचारण्यासारख्या गोष्टी तरीही पुष्कळ आहेत. जागा मंजूर व अनुदानित आहे काय? नेमणूक नियमित की कंत्राटी? परिवीक्षा किती? २०१८ च्या विनियमांत ती एक वर्ष व फार तर आणखी एक वर्ष आहे. शिकविण्याचे तास किती? त्याच विनियमांत सहायक प्राध्यापकासाठी आठवड्यास १६ तास सांगितले आहेत. पूर्वीची सेवा धरली जाईल काय? रुजू होण्यास मुदतवाढ मिळेल काय? हे सर्व लेखी विचारावे व उत्तरही लेखी मागावे. लेखी पत्र हाती येईपर्यंत चालू नोकरीचा राजीनामा देऊ नये. मूळ प्रमाणपत्रे दाखवावीत, पण संस्थेच्या कपाटात ठेवू नयेत. एकाच वेळी दोन पत्रे आली तर दोघांनाही लटकावून ठेवू नये. निर्णय होताच दुसऱ्या संस्थेस त्वरित व सभ्य शब्दांत नकार कळवावा. त्या जागेची वाट आपलाच कोणी बांधव पाहत असेल.

आता तासिका तत्त्वाविषयी. शिकविलेल्या तासांचे पैसे, सुटीत काहीच नाही, पुढील वर्षी जागा राहील याचा भरवसा नाही, अशा स्थितीत नेट उत्तीर्ण झालेली आपली मुले चाळिशीकडे झुकत आहेत. आयोगाचे विनियम सांगतात की, कंत्राटी अध्यापक एकूण जागांच्या १० टक्क्यांहून अधिक नसावेत व त्यांचे वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या वेतनाहून कमी नसावे. नियम व वास्तव यांतील ही दरी आपल्या मुलांच्या उमेदीच्या वर्षांनी भरली जात आहे. ज्याला दुसरा मार्ग नाही त्याने असे काम जरूर करावे, परंतु बाबासाहेबांनी सिडनेहॅमची जागा घेतली तसे, मुदत व हेतू मनाशी ठरवून करावे. ‘पुढच्या वर्षी कायम करू’ या तोंडी आश्वासनावर दहा वर्षे काढू नयेत.

पैसे देऊन खुर्ची

सर्वांत कठीण प्रश्न शेवटी घेतला आहे. खाजगी संस्थांत जागेसाठी रक्कम मागितली जाते, ही गोष्ट महाराष्ट्रात उघड बोलली जाते. आपल्या घरातही रात्री दिवा मालवल्यावर हीच चर्चा चालते. कोणी म्हणतो, ‘सर्वच देतात. आपण न दिल्यास जागा दुसऱ्याला जाईल. तत्त्वाने पोट भरत नाही.’ ज्या बापाने आयुष्यभर ओझी वाहिली त्याच्या तोंडचे हे शब्द तुच्छतेने झिडकारण्याचा अधिकार कोणालाही नाही. म्हणून त्यांचा विचार नीट करू.

प्रथम हिशेब. समजा, वीस लक्ष रुपये मागितले व ते शेकडा बारा व्याजाने काढले. नुसते व्याज दरमहा वीस हजार होते. मुद्दल वेगळेच. मुलाच्या वेतनाचा मोठा भाग कित्येक वर्षे सावकाराच्या घरी जाईल, आणि तेवढ्यात बहिणीचे शिक्षण थांबेल. दुसरे, कायदा. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली झालेल्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागल्यास सात दिवसांत तक्रार केली तरच सुटका. शासनाचे अनुदान घेणाऱ्या संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनाही हा कायदा लोकसेवक मानतो. तिसरे, पैसे घेणाऱ्याची पावती नसते. जागा दिली नाही तर दाद कोणाकडे मागणार?

परंतु या तिन्हींपेक्षा मोठे कारण निराळे आहे. ज्याने खुर्ची विकत घेतली तो त्या खुर्चीवरून बोलू शकत नाही. उद्या आपल्याच वस्तीतील विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती अडली, वसतिगृहात त्याचा अपमान झाला, तर हा प्राध्यापक तोंड उघडील काय? त्याचे गुपित संस्थाचालकाच्या खिशात आहे. आपल्याला प्राध्यापक हवा तो आपल्या मुलांच्या पाठीशी उभा राहणारा. मुका प्राध्यापक विकत घेऊन समाजाचा काय लाभ? सम्यक आजीविका हे अष्टांगिक मार्गाचे अंग आहे, आणि आजीविकेचा पहिला दिवसच जर असम्यक असेल तर पुढचा मार्ग कसा शुद्ध राहील?

हे लिहिताना एक गोष्ट आम्ही लपवीत नाही. नकार देणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते, आणि ती किंमत एकट्या घराने मोजावी असे सांगणे हा अन्याय आहे. म्हणूनच नकार देणाऱ्या मुलामागे वस्तीने उभे राहिले पाहिजे. तीच रक्कम, नव्हे तिचा विसावा हिस्सा, वस्तीने सामुदायिक निधीत टाकला तर दूरच्या राज्यांतील केंद्रीय संस्थांच्या मुलाखतींसाठी अनेक मुलांचे भाडे, अर्जांचे शुल्क व पुस्तके यांची सोय होईल. अनेक केंद्रीय संस्था अनुसूचित जातींच्या उमेदवारांना मुलाखतीचे प्रवासभाडेही देतात. जाहिरात बारकाईने वाचावी.

नकार आला तर

‘योग्य उमेदवार आढळला नाही’ असा शेरा मारून राखीव जागा रिकामी ठेवण्याची रीत आपल्या परिचयाची आहे. वर्षानुवर्षे अशा रिकाम्या ठेवलेल्या जागा पुढे खुल्या करण्याचा विचारही डोके वर काढतो. आयोगाच्या एका मसुद्यात तसा मार्ग सुचविला गेला तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये देशभर विरोध झाला आणि एकही राखीव जागा खुली केली जाणार नाही, असे शिक्षण मंत्रालयाला जाहीर करावे लागले. म्हणून शेरा आला की रडत बसू नये. २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्यान्वये स्वतःचे गुण, समितीची रचना व बिंदुनामावली मागावी. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. संस्थेच्या अनुसूचित जाती-जमाती कक्षाकडे, आणि आवश्यक तर राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाकडे लेखी तक्रार करावी. एकट्याचा अर्ज फाइलीत निजतो. दहा उमेदवारांचे अर्ज एकत्र गेले की फाइल जागी होते.

मुलींविषयी दोन शब्द. दूरच्या राज्यातील विद्यापीठाचे पत्र मुलाला आले की पेढे वाटले जातात. मुलीला आले की ‘एकटी कशी राहील? लग्नाचे काय?’ असे सुरू होते. धम्म स्वीकारला आणि मुलीच्या पायातील दोरी तशीच ठेवली, तर आपण अर्धीच दीक्षा घेतली असे होईल. तिला पाठवा. पहिले आठ दिवस आईने सोबत जावे, राहण्याची जागा पाहावी आणि परत यावे.

आणि उद्या आपली मुले टेबलाच्या पलीकडे, निवड-समितीत बसतील, तेव्हाचेही आजच ठरवून ठेवावे. बाबासाहेबांनी औरंगाबादचे महाविद्यालय उभारले तेव्हा प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्यासारख्या माणसाला जात न पाहता, काम पाहून जवळ केले. आपल्यावर झाला तो अन्याय आपल्या हातून कोणावर होऊ नये, आणि आपला म्हणून अपात्राला पुढेही ढकलू नये.

महाडच्या तळ्याचे पाणी १९२७ साली याच कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात आपल्या लोकांनी ओंजळीत घेतले. ते कोणी आणून दिले नव्हते. ते तळ्यापर्यंत चालत गेले होते. ज्ञानाचे तळेही सार्वजनिक आहे. तेव्हा येत्या पौर्णिमेला वंदना झाली की प्रत्येक विहाराने एक वही उघडावी. वस्तीतील पदव्युत्तर व संशोधन करणाऱ्या मुलामुलींची नावे, त्यांच्या दाखल्यांची स्थिती आणि येऊ घातलेल्या मुलाखती तीत लिहाव्यात, आणि पहिल्या मुलाखतीचे भाडे त्याच दिवशी गोळा करावे.

जय भीम!